लिश्मानियाच्या व्रणावर सापाचं विष: हे मलम येणार तरी कधी?

घाटवळण

नमस्कार मंडळी.

'सापाच्या विषाने त्वचारोगाचा परजीवी मेला' ही बातमी अधूनमधून वाचनात येतेच. देश बहुतेक वेळा ब्राझील, आजार त्वचेचा लिश्मानियासिस, आणि विष जराराका या तिकडच्या विषारी सापाच्या जातकुळीतलं नाहीतर तिकडच्या रॅटलस्नेकचं, म्हणजे शेपटी खुळखुळवणाऱ्या सापाचं. शेवटी 'भविष्यात यातून औषध मिळू शकेल' हे वाक्य ठरलेलं. ते भविष्य काही उजाडत नाही.

ज्यांना आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिश्मानिया हा एकपेशीय परजीवी. सँडफ्लाय म्हणजे डासाहून बारीक अशी वाळूमाशी, तिची मादी चावली की तो शरीरात शिरतो. त्याच्या काही जाती यकृत-प्लीहेत जातात, तो काला आजार. काही त्वचेतच मुक्काम करतात. चावल्या जागी गाठ येते, मग कडा उचललेला व्रण होतो. दुखत फारसा नाही, पण महिनोन्महिने भरत नाही आणि जाताना कायमचा वण ठेवून जातो. बऱ्याचदा चेहऱ्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने या त्वचेच्या प्रकाराचे वर्षाला ६ ते १० लाख नवे रुग्ण असतात. अफगाणिस्तान, सीरिया, इराण, अल्जेरिया, ब्राझील, कोलंबिया, पेरू इथे जास्त.

उपचार? अँटिमनीची इंजेक्शनं, रोज एक, साधारण वीस दिवस. हृदय, यकृत, स्वादुपिंड तिन्हींवर ताण. ब्राझीलच्या गास्पर व्हियाना या तरुण डॉक्टरने १९१२ मध्ये या रोगावर अँटिमनी वापरलं. शंभरहून जास्त वर्षं झाली, संयुगं सुधारली, धातू तोच.

माझं मत सरळ आहे. विज्ञान अडलेलं नाही, खिसा अडलेला आहे. हा आजार अमेरिकेतल्या श्रीमंतांना होत असता तर विषापासूनचं मलम एव्हाना दुकानात मिळालं असतं. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_खानदेशी

पहिला!

म्हणजे आधी माशी चावणार, मग साप. पेशंटने नक्की कुणाकुणाला तोंड द्यायचं?

निशिगंध_

वाचतेय. छान विषय. हे नायट्यावर चालेल का? घरात दोघांना झालाय, काही केल्या जात नाही.

डॉ_अवखळ

निशिगंध ताई, नाही. नायटा बुरशीमुळे होतो, खरूज अगदी बारीक किड्यामुळे, आणि हा धागा एकपेशीय परजीवीबद्दल आहे. तिघांची औषधं वेगळी. नायटा जात नसेल तर दुकानातून परस्पर आणलेल्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. घरातल्या सगळ्यांना एकदम दाखवा, एकेकट्याने उपचार करू नका.

मूळ विषयावर रात्री लिहितो, ओपीडी आहे.

आडगावचा_मास्तर

वाळूमाशी आपल्याला परकी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात १९६५ साली जो विषाणू सापडला, तो चांदीपुरा विषाणू हीच माशी पसरवते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठे, ओल, शेण असेल तिथे ती असते. महाराष्ट्रात लिश्मानियाने मूळ धरलेलं नाही एवढंच.

रिबेराव_पाटील

धागा बघून राहवलं नाही. मी ब्राझीलमध्ये, साव पावलो राज्यातल्या रिबेराव प्रेतो इथे असतो. विषशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे हा माझ्या रोजच्या ताटातला विषय. जरा लांबण लागेल.

आधी हे सगळं ब्राझीलमध्येच का. साव पावलो शहरात बुतांतान संस्था आहे, १९०१ पासून. व्हिताल ब्राझील हे तिचे पहिले प्रमुख. रॅटलस्नेकच्या विषावर रॅटलस्नेकचीच प्रतिलस (विष उतरवणारी लस) लागते, जराराकाच्या विषावर जराराकाची, हे त्यांनी दाखवलं. तेव्हापासून इथे साप पाळणं, विष काढणं, त्यातली प्रथिनं वेगळी करणं ही परंपरा आहे. आणि लिश्मानियाही याच देशात, जंगलाच्या कडेला. दोन्ही गोष्टी हाताशी असल्यावर कुणीतरी एकावर दुसरं टाकून बघणारच.

विष म्हणजे एक पदार्थ नाही, डझनावारी प्रथिनांचं मिश्रण आहे. लिश्मानियाच्या संदर्भात तीन नावं सारखी येतात.

पहिलं एल-अमिनो अॅसिड ऑक्सिडेज. बऱ्याच सापांचं विष पिवळं दिसतं ते याच्यामुळे, त्यात फ्लाविन हा पिवळा घटक असतो. हे एन्झाइम अमिनो आम्लं फोडतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. लिश्मानियाकडे कॅटलेज नाही, म्हणजे पेरॉक्साइड निस्तरायचं आपल्या पेशींकडे असलेलं एक मुख्य हत्यार त्याच्याकडे नाही. बोथ्रॉप्स मूजेनी या जराराकाच्याच जातकुळीतल्या सापाचं एन्झाइम टाकलं की परजीवी मरतो. त्याच डिशमध्ये बाहेरून कॅटलेज घातलं की वाचतो. म्हणजे मारणारं पेरॉक्साइडच, हे पक्कं.

दुसरं फॉस्फोलिपेज ए-टू. पेशीचं पटल, म्हणजे बाहेरचं आवरण, फोडणारं कुटुंब. रॅटलस्नेकचं क्रोटॉक्सिन यातलंच, दोन तुकड्यांचं. गंमत अशी की या कुटुंबातल्या काहींची एन्झाइम म्हणून काम करण्याची ताकद नैसर्गिकरीत्याच गेलेली आहे, तरी ती पटल फोडतात. कोस्टारिकातल्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेने अशा एका विषाच्या शेपटाकडचा तेरा अमिनो आम्लांचा तुकडा बनवून दाखवलं की नुसता तो तुकडाही जिवाणू मारतो. अख्खं विष लागतच नाही.

तिसरं क्रोटामिन, ४२ अमिनो आम्लांचं छोटं पेप्टाइड. हे पेशीच्या आत शिरतं. हे 'आत शिरणं' महत्त्वाचं का, ते डॉक्टर सांगतीलच.

खवचट_खानदेशी

पाटील साहेब, पेरॉक्साइडच मारतंय तर सापाला कशाला त्रास? मेडिकलमधून बाटली आणायची आणि ओतायची.

कोकणी_फुरसं

+१. वीस रुपयांत काम.

रिबेराव_पाटील

@खवचट, प्रश्न वाटतो तितका खवचट नाही. बाटलीतलं पेरॉक्साइड वरवर फेसाळतं, काही क्षणांत संपतं, आणि जाता जाता भरत आलेली निरोगी त्वचा जाळतं. एन्झाइम पेशीच्या पटलाला चिकटून थोडं थोडं पेरॉक्साइड तिथल्या तिथे बनवत राहतं. फरक जागेचा आणि वेळेचा आहे. पण हेही खरं की ते आपल्या पेशींनाही चिकटतं.

डॉ_अवखळ

आता निवांत बसलोय. घाटवळण, तुमच्या 'विज्ञान अडलेलं नाही' याला माझा सपशेल विरोध आहे.

लिश्मानियाची दोन रूपं आहेत. माशीच्या आतड्यात तो लांबट, शेपूट असलेला, पोहणारा असतो. आपल्या शरीरात आला की मॅक्रोफेज या आपल्या संरक्षक पेशी त्याला गिळतात. जंतू गिळून पचवणं हे त्यांचं कामच. हा बेटा तिथे, पचनाच्याच कप्प्यात, शेपूट टाकून गोल होतो आणि वाढत बसतो. पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटल्यासारखं. आता विषाने त्याला मारायचं तर ते आधी आपल्या पेशीच्या पटलातून, मग त्या कप्प्याच्या पटलातून आत गेलं पाहिजे, आणि वाटेत या दोन्ही पटलांना धक्का लागता कामा नये. पटल फोडणं हाच ज्याचा धंदा, त्याच्याकडून ही अपेक्षा.

बातम्यांमधले बरेचसे प्रयोग पहिल्या, पोहणाऱ्या रूपावरचे असतात. ते वाढवायला सोपं. पण पेशंटच्या अंगात ते रूप जवळपास नसतंच! त्यामुळे बातमी आली की मी आधी बघतो, परजीवी मॅक्रोफेजच्या आत असताना मारला का. मग बघतो, परजीवी मरायला किती मात्रा लागली आणि माणसाची पेशी मरायला किती. या दोन आकड्यांत चांगलं अंतर नसेल तर पुढे वाचत नाही.

अँफोटेरिसिन-बी हे या आजारावरचं दुसरं औषध चालतं कारण परजीवीच्या पटलात अर्गोस्टेरॉल आहे आणि आपल्यात कोलेस्टेरॉल. औषध अर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट धरतं. तरीही साधं अँफोटेरिसिन किडनीला जड जातंच. सापाचं विष उंदीर, बेडूक, पक्षी यांच्या पेशी फोडायला घडलेलं आहे. त्याला लिश्मानिया वेगळा ओळखायचं काही कारणच नव्हतं.

सुरेखा_न

डॉक्टर, पण मॅक्रोफेजच्या आतले परजीवी कमी झाल्याचेही प्रयोग आहेत ना? क्रोटॉक्सिन मॅक्रोफेजलाच चेतवतं असं वाचलंय.

डॉ_अवखळ

आहेत, सुरेखा ताई. आणि मला त्यातच रस आहे. तिथे विष परजीवीला थेट मारत नसून मॅक्रोफेजला जागं करतं, तो नायट्रिक ऑक्साइड वगैरे बनवतो आणि स्वतःच सफाई करतो असं दिसतं. हा रस्ता मला जास्त आशेचा वाटतो. पण तोही अजून डिशमध्ये आणि उंदरांत.

सह्याद्री_होमिओ

होमिओपॅथीत सर्पविष १८२८ पासून वापरात आहे. हेरिंग यांनी लॅकेसिस सिद्ध केलं. नाजा, क्रोटॅलस ही औषधं आम्ही रोज देतो. आयुर्वेदातही सूचिकाभरण रसात सर्पविष आहे. तुमचे शास्त्रज्ञ आत्ता कुठे जागे होतायत.

जुना_पापी

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

डॉ_अवखळ

तीस पोटन्सीला, म्हणजे तीस वेळा पातळ करत, पोचेपर्यंत बाटलीत विषाचा एक रेणूही उरत नाही. पाटील ज्या विषाबद्दल लिहितायत ते मोजून घेतलेलं आहे. दोन्हींची तुलना कशी करायची?

सह्याद्री_होमिओ

अनुभव घेऊन बघा, मग बोला.

संपादक_मंडळ

होमिओपॅथीसाठी आधीपासून दोन धागे आहेत. पुढची चर्चा तिकडे. इथे विषयाला धरून लिहावे.

कोकणी_फुरसं

माझ्या आयडीला जागून लिहितो. विषापासून औषधं झाली नाहीत असं नाही. रक्ताच्या गुठळीवरचं टिरोफिबान हे आमच्या फुरश्याच्या विषातल्या एका प्रथिनावरून सुचलेलं, अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर. त्याच वर्षी छोट्या रॅटलस्नेकवरून त्याच कामाचं एप्टिफिबाटाइड आलं. म्हणजे फुरसं चावलं की रक्त गोठत नाही, याचाच माणसाने उपयोग करून घेतला.

रिबेराव_पाटील

आणि सगळ्यात मोठं उदाहरण इथलंच. सेर्जिओ फेरेरा यांना जराराकाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या शरीरातल्या पेप्टाइडचा, परिणाम वाढवणारा घटक सापडला, १९६५ मध्ये. तो अर्क घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. त्या विषातून टेप्रोटाइड हे नऊ अमिनो आम्लांचं पेप्टाइड मिळालं. रक्तदाब उतरवायचं, पण तोंडाने देता येत नव्हतं. मग स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्याची नक्कल करणारा लहानसा रेणू घडवला, कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत मंजुरी.

सोळा वर्षं. कॅप्टोप्रिलच्या गोळीत सापाचं काहीच नाही, सापाने फक्त कुठे बोट ठेवायचं ते दाखवलं. म्हणून 'विषाचं मलम' ही कल्पनाच मला चुकीची वाटते. लिश्मानियाचं औषध या वाटेने आलंच तर ते कारखान्यात बनलेला छोटा तुकडा असेल.

जाता जाता: विष ब्राझीलचं आणि नफा बाहेरचा, हे इथले लोक अजून बोलून दाखवतात.

घाटवळण

पाटील, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय! रक्तदाबाचा रोगी श्रीमंत देशातही आहे म्हणून सोळा वर्षांत गोळी आली. लिश्मानियासाठी कोण कुशमन-ओंडेट्टी बसवणार?

आडगावचा_मास्तर

एक उलटं उदाहरण. मिल्टेफोसिन मुळात कर्करोगासाठी बनलं होतं. ते काला आजारावर चालतं हे कळल्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा विभाग, कंपनी आणि भारतातले डॉक्टर एकत्र आले, आणि २००२ मध्ये भारतात त्याला मंजुरी मिळाली. रुग्ण बिहारचे, गरिबातले गरीब. तरी झालं. तोंडाने घ्यायचं पहिलं औषध. गर्भवतीला देता येत नाही हा मोठा दोष, पण झालं.

त्याआधीचंही सांगतो. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या दशकात कॅम्पबेल हॉस्पिटलच्या एका खोलीत, जिथे धड वीजही नव्हती, युरिया स्टिबामाइन बनवलं आणि काला आजाराचे असंख्य जीव वाचवले. खिसा तेव्हाही रिकामाच होता.

घाटवळण

मास्तर, मिल्टेफोसिन तयार होतं, कर्करोगाच्या पैशातून बनलेलं. आयतं मिळालं. शून्यातून कुणी बनवलं का?

दम्माम_रिटर्न

विषयाला थोडा धरून. मी सौदीत अल-अहसाच्या बाजूला प्रोजेक्टवर होतो. तिथे हा फोड सर्रास. खजुराच्या बागांजवळच्या कॅम्पात नव्याने आलेल्यांना हमखास. आमच्या फोरमनच्या हातावर दोन झाले होते. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, पूर्वी आम्ही तापलेल्या सळईने डाग द्यायचो. दुसरा म्हणाला, काही ठिकाणी मुलांच्या झाकल्या जागी मुद्दाम फोड टोचून घ्यायचे, म्हणजे पुढे तोंडावर येत नाही.

निशिगंध_

अगं बाई! आमची आजीपण बिब्ब्याचा डाग द्यायची, पण तो पोटदुखीला.

डॉ_अवखळ

बिब्बा नको, सळई तर नकोच! पण दम्माम, टोचून घ्यायची पद्धत खरी आहे. मध्यपूर्वेत ती फार जुनी, एकदा फोड भरून आला की बहुधा परत होत नाही या अनुभवावर आधारलेली.

आणि उष्णतेचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. त्वचेतल्या या जाती थंड जागा पसंत करतात, म्हणून चेहरा, कान, हात. तापमान वाढलं की त्यांची वाढ खुंटते. बिकानेर हा आपल्याकडचा जुना टापू, तिथे लिश्मानिया ट्रॉपिका आहे. तिथल्या डॉक्टरांनी रेडिओफ्रीक्वेन्सीच्या यंत्राने व्रणाला ५० अंश सेल्सियस, ३० सेकंद अशी उष्णता देऊन चांगले परिणाम मिळवले. भूल जागेपुरती, घरी जाऊन काळजी घ्यायची, संपलं. एकदोन व्रण असतील आणि जात साधी असेल तर मला हे विषापेक्षा हजारपट आवडेल.

सुरेखा_न

मग विष हवंच कशाला?

रिबेराव_पाटील

सुरेखा ताई, कारण आमच्याकडचा लिश्मानिया ब्राझिलिएन्सिस. त्वचेवरचा व्रण भरून गेल्यावर काही रुग्णांत तो वर्षांनी नाकात, टाळूत उगवतो आणि नाकाची मधली भिंत खाऊन टाकतो. वरून शेक देऊन आतला सगळा परजीवी गेला याची खात्री कोण देणार? इथे अंगभर पोचणारं औषधच लागतं. अँटिमनी वय झालेल्यांना, हृदयरोग्यांना झेपत नाही. म्हणून शोध चालू.

जुना_पापी

आमच्या तालुक्यात मागे मांडूळ धरून लाखाला विकायला निघालेले चौघे पोलिसांना सापडले. म्हणे औषधाला लागतं. आता हा धागा वाचून उद्या अजून चौघे निघतील.

कोकणी_फुरसं

पापी काका, मांडुळाला विषच नसतं. आणि नाग-घोणस धरून परस्पर विष काढणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे विष रीतसर गोळा करणारी इरुळा लोकांची सहकारी संस्था चेन्नईजवळ आहे, १९७८ पासून. प्रतिलस बनवणारे त्यांच्याकडून विष घेतात. आणि देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज आहे, तेव्हा आधी तिकडे पुरवठा होऊ दे. फोडाचं नंतर.

डॉ_अवखळ

फुरसं, मुद्दा मान्य, पण संशोधनाला विष मिलिग्रॅममध्ये लागतं. त्याने प्रतिलस कमी पडणार नाही. शिवाय पाटील म्हणतात तसं, तुकडा एकदा कळला की साप लागतच नाही.

अजून एक, मुंबईतल्या डॉक्टरांनी वाचावं म्हणून. बिहार-झारखंडहून आलेल्या कामगाराच्या अंगावर फिकट चट्टे, चेहऱ्यावर गाठी दिसल्या की आपण कुष्ठरोग समजतो. पूर्वी काला आजार झाला होता का, हे विचारा. तो बरा झाल्यावर काही महिन्यांनी-वर्षांनी त्वचेवर हे चट्टे येतात. माणूस धडधाकट असतो, पण माशीला परजीवी पुरवत राहतो. मी असे रुग्ण पाहिलेत. बांगलादेशाने २०२३ मध्ये काला आजाराचं सार्वजनिक आरोग्याच्या पातळीवर निर्मूलन केल्याची मान्यता मिळवली, जगात पहिल्यांदा. ते टिकवायचं तर हे चट्टेवाले शोधावेच लागतात.

घाटवळण

धागा बराच फिरून आला. डॉक्टरांचा मॅक्रोफेजचा मुद्दा वजनदार आहे, पण मला सांगा पाटील, क्रोटॉक्सिन माणसांना दिलंय का कुणी? की उंदरांपुढे गाडी गेलीच नाही?

रिबेराव_पाटील

दिलंय, पण लिश्मानियासाठी नाही. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली, निकाल २००२ मध्ये छापून आले. स्नायूत इंजेक्शन. काही रुग्णांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, कारण क्रोटॉक्सिन मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप अडवतं आणि डोळ्यांचे स्नायू आधी थकतात. तो त्रास नंतर गेला. म्हणजे माणसाला मोजून देता येतं, एवढं कळलं. ज्याच्यापुढे मरण उभं आहे त्याने हे सोसणं वेगळं, हातावरच्या फोडासाठी सोसणं वेगळं.

आणि तुमच्या पैशाच्या मुद्द्याबद्दल. उंदरापर्यंतचं काम विद्यापीठाच्या अनुदानात होतं. पुढे शुद्ध पेप्टाइड दर वेळी अगदी तसंच बनवणं, दोन जातींच्या प्राण्यांत विषारीपणा तपासणं, मग माणसं. तिथे विद्यापीठ थांबतं आणि पुढे कुणी हात देत नाही. माझ्या मते विज्ञान आणि खिसा एकाच ठिकाणी अडतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन मात्रांतलं अंतर मोठं असतं तर कुणीतरी पैसा लावलाच असता. आणि पैसा असता तर ते अंतर वाढवण्यासाठी शंभर तुकडे बदलून बघता आले असते. सध्या आम्ही चार-पाच बघतो.

खवचट_खानदेशी

म्हणजे सरकारी रस्त्यासारखं. दोन्ही टोकं तयार, मधला पूल बाकी.

ट्रेकर_तेजस

उशिरा आलो. आम्ही ऑक्टोबरमध्ये किन्नौरला जातोय. सतलजच्या खोऱ्यात हा आजार आहे असं वाचलं. घाबरायचं का?

डॉ_अवखळ

तेजस, घाबरू नकोस, झाकून रहा. माशी संध्याकाळ ते पहाट चावते, फार उंच उडत नाही, उड्या मारल्यासारखी जाते. पूर्ण बाह्या, पायमोजे, उघड्या भागाला डीट हे कीटक पळवणारं औषध लाव. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ती आरामात आत येते, बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली घे. गोठ्याशेजारी, दगडी भिंतीला टेकून झोपू नका. परत आल्यावर काही आठवड्यांनी न दुखणारी, न भरणारी गाठ दिसली तर त्वचेच्या डॉक्टरांना किन्नौरला गेलो होतो हे आपणहून सांग. मुंबई-पुण्यात ते कुणी विचारणार नाही.

ट्रेकर_तेजस

धन्यवाद डॉक्टर. ग्रुपवर टाकतो.